सहाव्या कलमाची वंशावळ

८ ऑगस्ट १८४६ची संध्याकाळ. वॉशिंग्टनमध्ये उकाडा मी म्हणत होता आणि अधिवेशन संपायला दोनच दिवस उरले होते. मेक्सिकोशी युद्ध चालू होतं. तहाच्या वाटाघाटींसाठी राष्ट्राध्यक्ष पोक यांना वीस लाख डॉलर हवे होते. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा, पेनसिल्व्हेनियातून पहिल्यांदाच निवडून आलेला डेव्हिड विल्मट उभा राहिला आणि त्याने विधेयकाला एक पुस्ती जोडली: मेक्सिकोकडून जी भूमी मिळेल तिथे गुलामगिरी किंवा सक्तीची चाकरी कधीही असणार नाही, रीतसर दोषी ठरलेल्याची शिक्षा तेवढी सोडून.

हे वाक्य विल्मटच्या डोक्यातलं नव्हतं. त्याचं मूळ १७८४ सालात जातं. स्वतः गुलामांचा मालक असलेल्या जेफरसनने पश्चिमेकडच्या नव्या मुलखासाठी मसुदा केला, त्यात १८००नंतर तिथे गुलामगिरी नको असं कलम घातलं. सात राज्यांची मतं लागत होती, सहाच मिळाली. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारपणामुळे गैरहजर राहिला आणि सातवं मत हुकलं. तीन वर्षांनी, जुलै १७८७मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या नेथन डेनने ते कलम पुन्हा आणलं, पण फक्त ओहायो नदीच्या उत्तरेपुरतं. वायव्य प्रदेशाच्या कायद्यातलं हेच ते सहावं कलम. पळून आलेला गुलाम मालकाला परत मिळावा, ही सोयही त्याच कलमात होती. शिक्षेचा अपवाद जेफरसनच्या मसुद्यातूनच आला होता. त्यावर कुणी फारसा वाद घातल्याचं दिसत नाही.

कागदावर हे कलम पक्कं होतं, व्यवहारात गळकं. इलिनॉय त्याच प्रदेशातून घडलेलं राज्य. पण तिथे शॉनीटाउनजवळ खारं पाणी आटवून मीठ काढण्याच्या कामावर बाहेरचे गुलाम १८२५पर्यंत आणण्याची मुभा राज्याच्या पहिल्या घटनेनेच दिली होती. १८१९मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स टॉलमजने मिसुरीसाठी असाच निर्बंध मागितला. सिनेटने तो फेटाळला, आणि पुढच्या वर्षी ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची रेघ मारून भांडण मिटवलं गेलं.

विल्मटला गुलामांचा कळवळा नव्हता. तसं तो उघड सांगेही. नव्या जमिनीवर गोऱ्या कष्टकऱ्याने गुलामाच्या शेजारी राबून आपल्या श्रमाची किंमत घालवून घेऊ नये, हा त्याचा मुद्दा. गॅरिसनसारख्या गुलामगिरीच्या कडव्या विरोधकांना हे सगळं पाणचट वाटे. माझ्या मते मात्र या वाक्याची ताकद नेमकी तिथेच होती. गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्या लिबर्टी पक्षाला १८४०मध्ये जेमतेम सात हजार मतं पडली होती. ‘पसरू देऊ नका’ म्हणणाऱ्या फ्री सॉइल पक्षाने १८४८मध्ये, माजी राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांना उभं करून, दहा टक्के मतं घेतली. दुसऱ्याचं दुःख ज्यांना हलवत नव्हतं, त्यांना स्वतःच्या जमिनीची काळजी हलवू शकली.

विल्मटची पुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर होई आणि सिनेटमध्ये अडे. १८५४मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरीची रेघच पुसली, तेव्हा संतापलेले व्हिग, डेमोक्रॅट आणि फ्री सॉइलवाले एकत्र येऊन रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८६०मध्ये लिंकन निवडून आले ते आहे तिथल्या गुलामगिरीला हात न लावण्याचं आणि नव्या भूमीवर ती न येऊ देण्याचं सांगून. दक्षिणेला एवढंही पुरेसं होतं. नवी राज्यं मुक्त निघाली की सिनेटमधला तोल कायमचा जाणार, हे गणित तिथल्या पुढाऱ्यांना पाठ होतं. लिंकन यांनी शपथ घेण्याआधीच सात राज्यं फुटली.

त्यातून पेटलेलं यादवी युद्ध चालू असताना, १९ जून १८६२ रोजी, तेच वाक्य सर्व केंद्रीय प्रदेशांसाठी कायदा झालं. देशभरातली गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीची वेळ आली तेव्हा सिनेटर चार्ल्स सम्नर यांना फ्रेंच धर्तीची, कायद्यापुढे सर्व समान असं म्हणणारी भाषा हवी होती. मिशिगनच्या जेकब हॉवर्डनी ती मोडीत काढली: फ्रेंच नमुने नकोत, १७८७ची आपली जुनी भाषाच बरी. म्हणून डिसेंबर १८६५मध्ये तेरावी दुरुस्ती अमलात आली ती सहाव्या कलमाचे शब्द घेऊन, शिक्षेच्या अपवादाच्या शेपटीसकट.

आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तोवर दक्षिणेत ती शेपूट कामाला लागली होती. कामधंदा नाही या आरोपाखाली कृष्णवर्णीयांना पकडायचं, दोषी ठरवायचं आणि खाणी, रेल्वे, मळे यांच्या मालकांना भाड्याने द्यायचं. अलाबामात ही पद्धत १९२८पर्यंत चालली. कोलोरॅडोने २०१८मध्ये आपल्या राज्यघटनेतून हा अपवाद काढला, २०२२मध्ये अलाबामानेही काढला. कॅलिफोर्नियात कैद्यांच्या सक्तीच्या श्रमावर बंदी घालण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४मध्ये मतदारांपुढे आला आणि पडला. देशाच्या घटनेत तो अपवाद अजून आहे.