मास्टरपीस थिएटर, तमस आणि आपली भिवंडी

ब्रिटिश मालिका आणि अमेरिकन प्रेक्षक, यात भिवंडी कुठून आली असं विचाराल. सांगतो, जरा धीर धरा.

१० जानेवारी १९७१ला अमेरिकेच्या पीबीएसवर ‘मास्टरपीस थिएटर’ सुरू झालं. (तिकडे असलेल्या आपल्या मंडळींना ते ठाऊक असेल. २००८ पासून नाव नुसतंच ‘मास्टरपीस’ आहे.) सादर करणार बोस्टनचं डब्ल्यूजीबीएच केंद्र, पैसा मोबिल या तेल कंपनीचा, आणि मालिका ब्रिटनच्या, बऱ्याचशा कादंबऱ्यांवर बेतलेल्या. त्याआधी बीबीसीची ‘द फॉरसाइट सागा’ तिकडे लोकांनी उचलून धरली होती, म्हणून हे धाडस.

पण खरी गंमत अ‍ॅलिस्टर कुकची. जन्माने इंग्रज, नागरिक अमेरिकेचा. आपल्याकडे नाटकाआधी सूत्रधार येतो ना, तसा तो आरामखुर्चीत बसून आधी दोन शब्द बोलायचा. काळ कुठला, चालीरीती काय, कोण कुणाचं कोण... परक्यांची गोष्ट प्रेक्षकाला घरची वाटावी, एवढंच त्याचं काम. १९९२ पर्यंत त्याने ते केलं.

डिसेंबर १९८४ मध्ये याच कार्यक्रमात ‘द ज्वेल इन द क्राउन’ आली. ग्रॅनाडाची १४ भागांची मालिका, पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवरची. १९४२च्या दंगलीपासून फाळणीतल्या रेल्वेगाडीतल्या कत्तलीपर्यंतची कथा. अभिनय उत्तम, पण गोष्टीच्या मध्यभागी इंग्रजच. सलमान रश्दींनी त्याच वर्षी यावर सडकून टीका केली होती, की हिंदुस्थानच्या गोष्टीत हिंदुस्थानी माणसं तोंडी लावण्यापुरती.

त्याच १९८४च्या मे महिन्यात भिवंडी पेटली होती. त्याआधी ७ मे १९७०ला, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी. त्या वेळी भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग बसला, हे जुन्या लोकांना आठवत असेल.

१९७०च्या त्या दंगलीनंतर भीष्म साहनी आपले भाऊ बलराज यांच्याबरोबर भिवंडीत आले होते. उद्ध्वस्त वस्तीतून हिंडताना त्यांना १९४७चं आपलं रावळपिंडी आठवलं. दिल्लीला परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. ‘आज के अतीत’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितलंय. १९७५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली फाळणीवरची ही कादंबरी अशी आपल्या गावाच्या राखेतून उठली.

पुढे गोविंद निहलानी अ‍ॅटनबरोच्या ‘गांधी’च्या कामासाठी दिल्लीत असताना एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना ही कादंबरी सापडली. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीने इकडे आलेले. त्यांनी केलेली मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर लागली. ‘तमस’मध्येही इंग्रज अधिकारी आहे, रिचर्ड. प्राचीन अवशेषांचा अभ्यासक, हुशार माणूस. शहर पेटत असताना वेळीच काही करत नाही. पण गोष्ट त्याची नाही. ती डुक्कर मारायला लावलेल्या नत्थूची आहे, आणि रातोरात घर सोडणाऱ्या म्हाताऱ्या हरनाम सिंगची. (हरनाम सिंगचं काम भीष्म साहनींनी स्वतःच केलंय.)

आपल्या मालिकेला खुर्चीतला कुक मिळाला नाही, कोर्ट मिळालं! दंगे भडकतील म्हणून मुंबई उच्च न्यायालयात प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी सगळी मालिका बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारीत तेच कायम केलं. सामान्य प्रेक्षक शहाणा असतो, त्याला इतिहासातून शिकता येतं, असा एकूण सूर.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘ज्वेल’ बघणाऱ्या अमेरिकन माणसाला दंगल म्हणजे काय हे खुर्चीतून सांगावं लागलं असेल. भिवंडीत ‘तमस’ बघणाऱ्याला कर्फ्यू म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नव्हती. बंद पडलेल्या मागांची शांतता त्याने चार वर्षांपूर्वीच ऐकली होती. तरी समजावून सांगायचं काम शिल्लक होतंच, आणि ते केलं घराघरातल्या मोठ्यांनी. सुरुवात कुणी केली यापेक्षा, त्या रात्री कुणी कुणाला घरात घेतलं, हे सांगणारे लोक होते.

असो. १९७०चं ज्यांना नीट आठवतं ते आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढेच असणार. ‘तमस’ इंटरनेटवर शोधली तर मिळते. पोरांना नुसती लिंक पाठवू नका. आत्या, काका, तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन बसा, आणि मध्ये मध्ये थांबवून बोला.