लूमच्या गावात नेटवर्कचे नियम

भिवंडीच्या कॉलेजांत नेटवर्क कसे आले, हे सांगायला लोक इंटरनेटपासून सुरुवात करतात. इंटरनेट खूप नंतरचे. आधी तार आली, आणि तारेच्या मागोमाग, एकेका बिघाडासरशी, नियम आले. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. वडील पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे लूम चालू ठेवणारे कारागीर, होते. यंत्र बसवणाऱ्याचे नाव कोनशिलेवर लागते आणि यंत्र चालू ठेवणाऱ्याचे कुठेच लागत नाही, हे मी घरातच पाहिले. म्हणून या नियमांचा इतिहास कुणीतरी नीट लिहावा असे मला वाटते.

नव्वदच्या दशकात आमच्या लॅबमध्ये एक सर्व्हर होता. त्यावर नोव्हेल नेटवेअर चालायचे, आणि त्याला जोडलेल्या मशीनना स्वतःची हार्ड डिस्कही नव्हती. सगळ्यांना सांधणारी एकच बारीक काळी कोअ‍ॅक्सिअल केबल भिंतीच्या कडेने फिरायची. तिचे नियम ठरलेले होते: एका तुकड्याची लांबी 185 मीटरपेक्षा जास्त नको, त्यावर 30 पेक्षा जास्त जोड नकोत, दोन जोडांमध्ये किमान अर्धा मीटर अंतर हवे आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचा टर्मिनेटर हवाच. मशीनमागच्या ‘टी’ आकाराच्या जोडाला कुणाचा पाय लागून केबल सुटली, की तेवढेच मशीन बंद पडायचे नाही, अख्खी लॅब थांबायची. ताण्यातला धागा तुटला की लूम थांबतो, तसेच. मग मुलांना बाहेर काढून एकेक जोड चाचपत जायचे. त्यातून पहिला स्थानिक नियम झाला: बाके भिंतीला पक्की ठोकायची आणि केबल पायांच्या उंचीवरून न्यायची नाही.

दुसरा नियम चपला बाहेर काढण्याचा. बाहेरच्या पाहुण्यांना तो देवघरासारखा वाटायचा. पण इथे हवेत सुताची बारीक रुई उडते. खिडकी बंद असली तरी ती येते, पायांबरोबर तर येतेच. मशीनच्या पॉवर सप्लायचा पंखा ती आत ओढतो, जाळीवर तिचा थर बसतो, पंखा मंदावतो आणि उन्हाळ्यात सप्लाय जळतो. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात तिमाही सफाई लिहिलेली असायची. आम्ही महिन्याला केली. तीही लॅबमध्ये नाही. कॅबिनेट व्हरांड्यात नेऊन ब्लोअर मारायचा, नाहीतर एका मशीनची रुई शेजारच्या मशीनवर बसते. आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे. ते मोकाट फिरले तर बेअरिंग जाते.

या काळापर्यंत इथून पन्नासेक किलोमीटरच्या आत मोठा इतिहास घडून गेला होता आणि आम्हाला त्याची वार्ताही नव्हती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 1986 साली अर्नेट हे शिक्षण आणि संशोधनासाठीचे नेटवर्क सुरू केले. त्यात आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूची एनसीएसटी (सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र) आणि स्वतः तो विभाग. देशातल्या पहिल्या ईमेलच्या जोडण्यांपैकी एक जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या टेलिफोनच्या डायल-अपवर चालली. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी या कामाचे एक सूत्रधार. त्यांना 2014 साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. 1989 मध्ये मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी जोडणी सेकंदाला 9600 बिट्सची होती, आणि अर्नेटवरच्या संशोधकांचे परदेशी टपाल तेवढ्यातून जायचे. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला खुले केले. आमच्याकडे मोडेमचा आवाज त्यानंतर ऐकू आला.

कोअ‍ॅक्सिअल गेली आणि आठ तारांची, चार जोड्यांची केबल आली, तेव्हा नियमांचा खरा अभ्यास सुरू झाला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मुले पाढ्यासारखी पाठ करतात. निळी जोडी हिरव्या जोडीच्या पोटात का घुसवली, हे मात्र कुणी विचारत नाही. जुन्या टेलिफोनची लाइन मधल्या दोन पिनांवर असायची, तिला जागा राखून ठेवली, म्हणून. जोडीचा पीळ का सोडायचा नाही, हेही सांगावे लागते. त्या पिळामुळेच बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखा येतो आणि रद्द होतो. जॅकपाशी पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उघडायचा नाही. भिंतीतली तार 90 मीटरपर्यंत, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून 100. ओढताना जोर अकरा किलोच्या आत, वळण जाडीच्या किमान चौपट त्रिज्येचे. ही मापे ऐकून ठेकेदाराची माणसे हसायची. त्यांना वायर ओढणे म्हणजे दोन माणसांनी पाय रोवून ओढणे. मी त्यांच्यावर चिडायचो नाही. तांबे ताणले गेले की आतला पीळ बदलतो, हे टेस्टर लावून त्यांना दाखवायचो. एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या वर्गात तीच माणसे हळू ओढायची.

खरेदीचाही एक नियम आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बरेचदा वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असते. खोके स्वीकारण्याआधी एक तार ब्लेडने खरवडायची. चकाकी चांदीसारखी निघाली, की खोके परत.

पण भिवंडीत या साऱ्याच्या आधी प्रश्न विजेचा. गावात लाखो लूम. सकाळी एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली जाते, एकदम थांबले की उसळते. आमच्या पहिल्या यूपीएसच्या बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर संपल्या, तेव्हा गावातले एक वयस्कर वायरमन चाचा येऊन सगळे बघून गेले. नेटवर्कच्या स्विचकडे त्यांनी पाहिलेही नाही. म्हणाले, “सर, पहले अर्थिंग देखो, कंप्यूटर बाद में.” मीटर लावला तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-तीन व्होल्ट असायला हवेत, तिथे भलताच आकडा. खड्डा पुन्हा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातले. तेव्हापासून आमच्या नियमांत एक ओळ आहे जी कुठल्याही नेटवर्कच्या पुस्तकात मला सापडली नाही: मार्च ते जून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला पाणी ओतणे. ते काम शिपायाच्या कामांच्या यादीत आहे आणि माझ्या लेखी ते यादीतले सगळ्यात मोलाचे काम आहे.

अर्थिंगनेच आणखी एक धडा दिला. जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्यामध्ये कुणीतरी तांब्याचीच केबल टाकून दिली होती. अंतर शंभर मीटरच्या आत, म्हणजे मापात बसणारे. पण दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे होते. पहिल्या वळवाच्या पावसात वीज जवळ कुठेतरी पडली आणि दोन्हीकडच्या स्विचची पोर्ट्स गेली. दोन इमारतींमध्ये फायबरच, मग अंतर वीस मीटर का असेना, हा नियम त्या संध्याकाळचा. काचेतून वीज जात नाही.

मोठी दुरुस्ती शुक्रवारी, हाही इथलाच नियम. शुक्रवारी लूम बंद असतात, व्होल्टेज स्थिर असते आणि हवेत रुई कमी. 26 जानेवारी 2007 ला भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवरकडे गेले. देशातला तो पहिलाच तसला करार. पुढे पुरवठा सुधारत गेला, तरी शुक्रवार आम्ही सोडला नाही.

26 जुलै 2005 च्या पावसाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ज्यांची घरे बुडाली त्यांच्यापुढे आमचे काहीच नव्हते. कामवारी नदी फुगली, तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत पाणी शिरले, रॅकचा खालचा भाग गेला. तेव्हापासून रॅक पहिल्या मजल्यावर.

2009 साली केंद्राचे माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान आले. कॉलेजांना बीएसएनएलच्या 512 केबीपीएसच्या जोडण्या मिळू लागल्या, खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा, उरलेला संस्थेचा. योजना चांगली होती, मी तिचा ऋणी आहे. पण तिच्यात एक पोकळी होती. लाइन दारापर्यंत आणण्याला पैसे होते. दारापासून बाकापर्यंतची तार, तिची देखभाल, ती बघणारा माणूस, हे प्रत्येक कॉलेजने आपापले पाहायचे. खासगी शहरी कॉलेजांनी ते भागवले. गिरण्यांची गावे, लूमची गावे, तालुक्याची ठिकाणे इथे लाइन दारात पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

पुढे परीक्षेने नेटवर्कचे स्थान बदलले. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका छापील गठ्ठ्यांऐवजी ऑनलाइन येऊ लागल्या. पेपरच्या थोडा वेळ आधी उतरवून घ्यायच्या, कॉलेजातच छापायच्या. पोरांच्या वर्षाचा भार एका स्विचवर आला. मग प्रश्नपत्रिका उतरवायच्या खोलीची लाइन वेगळी झाली, दुसऱ्या कंपनीची जोडणी राखीव आली, परीक्षेच्या काळात नेटवर्कमध्ये कसलाही बदल करायचा नाही असे लिहून ठेवले गेले. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. प्रकरण कुलगुरूंना पदावरून दूर करण्यापर्यंत गेले. त्या उन्हाळ्यात प्राध्यापक लॅबमध्ये बसून पाने उघडण्याची वाट पाहत होते. आतले नेटवर्क ठीक आहे, हे आमच्या नोंदींवरून सांगता येत होते, म्हणून निदान कुणी आमचे स्विच उगाच उपसले नाहीत.

नोंद हा शब्द नंतर सरकारनेही उचलला. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस जपायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची. घड्याळाचा नियम क्षुल्लक वाटतो. पण दोन स्विचची वेळ चार मिनिटांनी वेगळी असली, तर कोणता बिघाड आधी झाला हे कधीच कळत नाही.

कॉलेजांचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते तेव्हा मशीन मोजते आणि बँडविड्थ विचारते. कॉलेजांच्या आयटी धोरणांच्या छापील फायली तेव्हा पुढे येतात, आणि त्यांतले परिच्छेद एका कॉलेजातून दुसऱ्यात जसेच्या तसे गेलेले असतात. समितीतल्या मंडळींना माझी मनापासून विनंती आहे, फाइल बाजूला ठेवून देखभालीचे रजिस्टर मागा. कोणत्या पोर्टची तार कोणत्या खोलीत जाते, अर्थिंग शेवटचे कधी मोजले, बॅटरी कधी बदलली, अ‍ॅडमिन पासवर्डचे सीलबंद पाकीट कुणाच्या कपाटात आहे आणि सहायक रजेवर असला तर त्याचे काम कोण करतो, हे त्या रजिस्टरात आहे की नाही ते बघा. आणि शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात माणसाचे नाव नसेल, तर अहवालात तसे लिहा.