मिरचीची आग जिभेला लागते की मेंदूला? भिवापुरी मिरचीतून समजून घ्या मानसशास्त्राच्या मूळ संकल्पना

नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे निघालं की वाटेत भिवापूर लागतं. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हंगामात या पट्ट्यातल्या मिरची सातऱ्यांवर वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. बाहेरचा माणूस तिथे गेला की दोन मिनिटांत खोकून बेजार होतो. शेजारी बसलेली जुनी मजूर मात्र गप्पा मारत हात चालवत असते. हवा तीच, खकाणा तोच. मग फरक कुठे पडतो?

अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच भेटणाऱ्या दोन शब्दांत याचं अर्धं उत्तर आहे: वेदन आणि संवेदन. बाहेरच्या गोष्टीने डोळा, कान, जीभ, त्वचा यांतल्या पेशी चेतवल्या जाणं आणि तो निरोप मेंदूकडे जाणं म्हणजे वेदन. मेंदूने त्या निरोपाचा अर्थ लावणं म्हणजे संवेदन. (काही पुस्तकांत संवेदनाला अवबोधन म्हटलेलं असतं.) ‘वेदन’ म्हणजे ‘वेदना’ नव्हे, ही गल्लत परीक्षेत हमखास होते. मिरचीच्या बाबतीत मात्र दोन्ही एकदमच घडतात.

कारण तिखट ही खऱ्या अर्थाने चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे रसायन टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला जाऊन चिकटतं. हा ग्राहक मुळात उष्णतेसाठी आहे, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तो जागा होतो. कॅप्सेसिन त्याला थंड तोंडातही जागं करतं आणि मेंदूला निरोप जातो की भाजतंय. ‘जिभेला आग लागली’ हे म्हणणं त्यामुळे शब्दशः बरोबर आहे, फक्त आग नसते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची आरामात खातो तेही यामुळेच. पक्ष्यांचा हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट धीट नाही, त्याला तिखट कळतच नाही.

किती तिखट म्हणजे तिखट?

पदार्थातलं कॅप्सेसिन यंत्राने मोजता येतं, पण तिखटपणा हा माणसाचा अनुभव आहे. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये यावर तोडगा काढला. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट जाणवणं बंद होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते पाहायचं. मानसशास्त्रात ज्याला किमान जाणिवेचा उंबरठा म्हणतात, तोच इथे मोजपट्टी झाला. बाहेरचं प्रमाण आणि आतला अनुभव यांचं नातं मोजण्याचा हा विचार गुस्टाव्ह फेखनर या जर्मन अभ्यासकाने १८६० मध्येच ग्रंथरूपाने मांडला होता. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा मानली जाते ती विल्हेल्म वुंट यांची लायप्झिगमधली. ती १८७९ ची, म्हणजे त्यानंतरची.

फेखनरच्या आधी अर्न्स्ट वेबरने दाखवलं होतं की फरक जाणवण्यासाठी किती भर लागते, हे आधी किती आहे यावर ठरतं. साध्या वरणात अर्धा चमचा तिखट जास्त पडलं तर घरभर आरडाओरड होते. सावजी रश्शात तेवढंच पडलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सवय झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

आता सातऱ्यावरच्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे. तीच चेतना पुन्हा पुन्हा मिळाली की ज्ञानेंद्रियांचा प्रतिसाद मंदावतो. याला वेदनिक अनुकूलन म्हणतात. कॅप्सेसिनचा मारा होत राहिला की त्या ग्राहकांची दाद कमी होते. दुखण्यावर लावायच्या काही मलमांत कॅप्सेसिन असतं, ते याच गुणामुळे.

त्याशिवाय शिकण्याचाही भाग असतो. माणूस तिखट आवडून घ्यायला शिकतो. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका खेड्यात कुत्र्यांना आणि डुकरांना तिखट व बिनतिखट खाणं समोर ठेवून पाहिलं. तिथली जनावरं रोज मिरचीचं उष्टं खाऊन वाढलेली होती, तरी तिखटाला पसंती एकानेही दिली नाही. मुलं मात्र मोठ्यांचं बघत हळूहळू तिखटाकडे वळतात. शरीर धोका ओरडतंय, पण खरा धोका नाही हे मनाला माहीत असतं, आणि त्यातच मजा वाटते, असं रोझिन यांचं म्हणणं.

सातऱ्यावर मात्र हे ‘खरा धोका नाही’ लागू पडत नाही. तासन्‌तास मिरची हाताळून हातांची आग होते, आणि कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नसल्याने नुसत्या पाण्याने धुऊन ती सहज जात नाही. तेलात ते विरघळतं. धूळही श्वासासोबत आत जातेच. ‘त्यांना सवय आहे’ असं मालक म्हणतो, बघणारा म्हणतो, कधी बाई स्वतःही म्हणते. अनुकूलनाने कमी होते ती जाणीव, धूळ नाही.

इथेच आणखी एक संकल्पना कामाला येते, जी विद्यार्थी सर्रास चुकवतात: नकारात्मक प्रबलन. त्याचा अर्थ शिक्षा असा नाही. एखादी कृती केल्याने त्रास कमी झाला आणि म्हणून ती कृती पुन्हा होऊ लागली, तर ते नकारात्मक प्रबलन. नवी मजूर नाकाला ओढणी घट्ट बांधते, ठसका कमी होतो, दुसऱ्या दिवशी ती न सांगता बांधते. काही आठवड्यांनी ठसका तसाही लागेनासा होतो. मग ओढणी बांधून काही सुटल्यासारखं वाटत नाही, उलट घाम येतो, बोलता येत नाही. ओढणी खांद्यावर येते आणि ढीग तेवढाच राहतो.