दिनविशेष : १० जानेवारी
हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतलेली लस

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग पसरला आणि माणसं शहर सोडून गावाकडे पळू लागली. अशा वेळी ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस बनवायला बसले. हाताखाली मोजकीच माणसं. मांसरसात तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढायचे; मग उष्णता देऊन ते मारायचे. तीच लस.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, अंग ठणकलं, पण ते सावरले. महिनाअखेर भायखळा तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले.

पुढे या माणसावर मोठा अन्याय झाला. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष बाटली उघडतानाच्या हलगर्जीचा असल्याचं नंतर पुढे आलं. ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावं लागलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी जाहीरपणे भांडले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. तेव्हा ते हयात होते.