आपल्या दर्शनी भिंतीची करडी वीट

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तरी नवे पाहुणे गेटपाशी थांबून विचारतात, "प्लॅस्टर करायचं राहिलंय का?" राहिलेलं नाही. ते मुद्दाम केलं नाही, आणि त्या निर्णयात मी होतो.

जुन्नर-आंबेगाव भागात उघडी वीट मिरवायची रीत नव्हती. इथला डोंगर म्हणजे काळा कातळ. लेण्याद्रीची लेणी त्यातच कोरलेली. वाड्यांना खाली घडीव दगड, वर वीट आणि विटेवर गिलावा. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या (पायाभरणी १७३०) तटालाही खाली दगड आणि वर वीटच आहे. तिकडे तेरचं त्रिविक्रम मंदिर तर विटांचंच, आणि ठेवण आपल्या लेण्यांतल्या चैत्यासारखी. म्हणजे वीट आपल्याला परकी नाही.

नोकरीत असताना घोड नदीकाठच्या वीटभट्ट्यांची कर्जप्रकरणं माझ्याकडे असत. एक भट्टीवाले म्हणायचे, "साहेब, रंग बघू नका, आवाज ऐका." दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत, नखाने ओरखडा उठता कामा नये. रंगाचं गुपित भाजणीत आहे. मातीतल्या लोहाला भट्टीत भरपूर हवा मिळाली की वीट लाल. हवा कोंडली की करडी, काळसर. कुंभाराचा लाल माठ आणि काळं मडकं यांतही फरक तोच. (वीज केंद्राच्या राखेची वीटही करडीच दिसते, पण ती भाजलेली नसते. आपली ती नव्हे.)

बांधकामाच्या वेळी मी खजिनदार. विटांचा पहिला ट्रक आला तेव्हा एक वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली, चोवीस तास बादलीत बुडवली, पुन्हा तोलली. तीन किलोची वीट साडेसहाशे ग्रॅम पाणी प्यायली होती, म्हणजे एकवीस टक्क्यांच्या वर. दर्शनी विटेला भारतीय मानकात पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. ट्रक परत पाठवला. दुसरीकडची करडी वीट तीनशे ग्रॅमवर थांबली, पण ती महाग होती. प्रत्येक सभासदावर जादा वर्गणी बसली. माझे शेजारी, जे आज हयात नाहीत, भर सभेत म्हणाले, "तुमच्या बादलीपायी माझ्या मुलीची पुण्याची ॲडमिशन राहिली." ते खरं होतं. मी उत्तरादाखल मानकाचा नियम वाचून दाखवला. ते मला अजून टोचतं.

आता पश्चिमेच्या भिंतीला ओल येते म्हणून सगळंच प्लॅस्टर करून रंग द्यायचा ठराव येतोय. मागच्या पावसाळ्यात मी छत्री घेऊन तासभर त्या भिंतीसमोर उभा राहिलो. (घरच्यांना वाटलं, म्हातारा बिघडला.) वीट शाबूत आहे. दोन विटांमधल्या दरजांतला माल सुटलाय, पाणी तिथून शिरतं. पांढरा लोणा दिसतो तोही दरजांलगतच. सुटलेला माल खरवडून दरजा नव्याने भरल्या तर भागेल, आणि दर काही वर्षांनी रंगाचा खर्चही मागे लागणार नाही.

एक मात्र कबूल करतो. खिडक्यांवरचे छज्जे आणखी बाहेर काढा, असं त्याच शेजाऱ्यांनी तेव्हा सुचवलं होतं. वर्गणीच्या रागातून बोलतायत समजून मी ते उडवून लावलं. ओल नेमकी त्या खिडक्यांभोवती आहे.

बांधकामातून उरलेल्या सात विटा माझ्या गॅलरीत आहेत. ठरावाच्या सभेला त्यातली एक, काटा आणि बादली घेऊन येतो.