कागदावरचे पुस्तक आणि पडद्यावरचे पुस्तक : एक ऐतिहासिक विचार

तेरखेड्याच्या माणसाला कागदाची ओळख करून देण्याचे कारण नाही. फटाक्यांचा धंदा हे आपल्या गावाचे नाव, आणि फटाक्याची नळी कागदाचीच असते. छापलेला कागद एकदा रद्दीत गेला की त्याला भाव येतो तो वजनाचा, मजकुराचा नव्हे, हे आपण जाणतोच. आज घरोघर मोबाइल आला आहे, पाठ्यपुस्तकेसुद्धा त्यावर मिळू लागली आहेत. तेव्हा मुलांना पुस्तके विकत घेऊन द्यावीत की ई-पुस्तकांवर भागवावे, असा प्रश्न पालकांपुढे उभा राहणे साहजिक आहे. त्याचे उत्तर इतिहासाच्या आधारे शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

पुस्तकाने आपले रूप आजवर अनेकदा बदलले आहे. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. राजधानीबरोबर आलेल्या कारागिरांनी तेथे हातकागदाचा उद्योग सुरू केला, अशी परंपरा सांगितली जाते. त्या काळी पुस्तक म्हणजे हाताने केलेल्या कागदावर हाताने उतरवलेली प्रत. एक प्रत तयार व्हायला महिनेच्या महिने लागत. साहजिकच पुस्तक अमीर-उमरावांच्या, मठांच्या आणि मदरशांच्या मालकीचे राहिले. गरिबाच्या वाट्याला आले ते केवळ श्रवण.

छपाईने हे चित्र पालटले, परंतु एका दिवसात नव्हे. युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यास छपाई सुरू झाली, तरी इस्तंबूल येथे इब्राहिम मुतेफर्रिका यांना तुर्की पुस्तके छापण्याची शाही परवानगी मिळाली ती 1727 साली, आणि तीही धार्मिक ग्रंथ वगळून. मराठीचे व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरे यांनी 1805 मध्ये छापले. उर्दूची अडचण निराळी होती. नस्तालिक लिपीची वळणे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसत. म्हणून 1796 च्या सुमारास जर्मनीत निघालेली शिळाछपाई उर्दू वाचकांनी आपलीशी केली. कातिबाने लिहावे आणि दगडाने छापावे, अशी ही पद्धत होती. 1981 मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने संगणकावरची नूरी नस्तालिक वापरात आणली, तेव्हा कुठे कातिबाच्या लेखणीला पर्याय मिळाला. नवे साधन आले की प्रथम संशय, मग तडजोड आणि शेवटी स्वीकार, असा हा क्रम आहे. ई-पुस्तकाकडे पाहतानाही तो ध्यानात ठेवावा.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. 1917 मध्ये हैदराबादेस भाषांतराचे खास खाते स्थापन झाले, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि विज्ञान, कायदा, वैद्यक अशा विषयांवरचे ग्रंथ उर्दूत येऊ लागले. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम मौलवी अब्दुल हक यांनी कित्येक वर्षे औरंगाबादेतून पाहिले, आणि 1921 पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक तेथूनच काढले. आपल्याच भागात ज्ञानाची केवढी उलाढाल चालू होती, याची कल्पना यावरून येते.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. कारभाराची भाषा बदलली, शाळांचे माध्यम बदलले. मराठी ही या भूमीची भाषा, तिचा मान तिला मिळाला हे योग्यच झाले. आपल्या मुलांनीही मराठीत शिकून प्रगती केली. मात्र पुष्कळ घरांत एक गोष्ट नकळत घडली. आजोबांच्या पेटीतील पुस्तके नातवाला वाचता येईनाशी झाली. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, पण त्या अक्षरांना ओळखणारा डोळा घरात उरला नव्हता. अशी पुस्तके मग माळ्यावर जातात, आणि माळ्यावरून रद्दीत. पुस्तक मरते ते कागद फाटल्याने नव्हे, वाचणारा नाहीसा झाल्याने. या इतिहासाचा हाच मुख्य धडा आहे.

ई-पुस्तकाची कथा त्या मानाने अलीकडची. 4 जुलै 1971 रोजी अमेरिकेत मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर उतरवला. ई-पुस्तकांचा आरंभ तेथून मानतात. 2007 मध्ये ॲमेझॉन कंपनीचे किंडल हे वाचनयंत्र बाजारात आले. भारतात 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘रेख्ता’ने उर्दूची हजारो जुनी पुस्तके छायाप्रतीच्या रूपाने सर्वांना मोफत खुली केली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. एवढे खंड विकत घेणे सामान्य कुटुंबाला कोठून परवडणार? आज तो विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. 2020 मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांच्या ई-प्रतींनी मोठाच हात दिला. जे पुस्तक आपल्या गावात कधीच पोहोचले नसते, ते आता पोहोचते. हा लाभ लहान नाही.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. 2009 साली ॲमेझॉनने हक्काच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत केले हे खरे, पण फळीवरचे पुस्तक असे दुरून कोणी उचलून नेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट आकलनाची. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 54 अभ्यासांचे व 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचकांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचे बंधन असताना, पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो, असे त्यात आढळले. परीक्षार्थी मुलांच्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. मोबाइल पुष्कळदा एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात किंवा मोठ्या भावाच्या हातात असतो. मुलीची पाळी शेवटी येते, कधी येतही नाही. कोनाड्यातले पुस्तक मात्र तिला कोणाला विचारून घ्यावे लागत नाही. जी आई दुपारच्या फुरसतीत चार पाने वाचू इच्छिते, तिच्यासाठीही तेच सोयीचे. पुस्तक घरात दिसत राहते म्हणून धाकटी भावंडेही त्याकडे वळतात. मोबाइलमध्ये दडलेले पुस्तक असे कोणाला बोलावत नाही.

तेव्हा या दोहोंत भांडण लावण्यात अर्थ नाही. ज्याचा त्याला मान द्यावा. अभ्यासाची पुस्तके, लहान मुलांची गोष्टींची पुस्तके आणि पुन्हापुन्हा वाचावेत असे ग्रंथ कागदावरच असावेत. शब्दकोश, विश्वकोश, दुर्मीळ आणि महाग ग्रंथ, जुन्या प्रश्नपत्रिका यांसाठी मोबाइलचा उपयोग जरूर करावा. 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान मिळण्याची सोय झाली आहे. जवळच्या ग्रंथालयाचे सभासद होणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. आणि ज्या घरी जुनी उर्दू पुस्तके असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावीत. पानांची छायाचित्रे घेऊन ठेवणे आता कोणत्याही विद्यार्थ्याला जमण्याजोगे आहे.

विद्यार्थी मित्रहो, मराठी तर तुम्हाला येतेच, जमल्यास उर्दूही वाचायला शिका. दोन लिप्या ज्याला वाचता येतात, त्याला दोन ग्रंथालयांची दारे खुली असतात. आणि पालकांना नम्र विनंती ही, की मुलाला “वाच” म्हणण्यापूर्वी रोज अर्धा तास आपण स्वतः त्याच्यासमोर वाचत बसावे. पुस्तक कागदाचे असो वा काचेवरचे, घरात वाचणारा माणूस दिसला तरच पुढची पिढी वाचील.