ब्रेमेन, गुड फ्रायडे, 1868

ब्रेमेनच्या बाजारचौकात, रोलांडच्या दगडी पुतळ्यापाशी तुम्ही उभे आहात. पलीकडे सेंट पीटरचं कॅथीड्रल आहे, पण ते चटकन ओळखू येत नाही. आजच्या छायाचित्रांत दिसणारे दोन उंच मनोरे अजून नाहीतच. दक्षिणेकडचा 1638 साली कोसळला, त्यानंतर कोणी उभारलेला नाही. तारीख 10 एप्रिल. दोन हजारांहून जास्त माणसं आत शिरताहेत. त्यांच्याबरोबर आत जा आणि एखाद्या खांबाच्या आधारानं जागा धरा.

वादकांसमोर उभा असलेला ठेंगणा, गोरा, गुळगुळीत दाढी केलेला तरुण म्हणजे योहानेस ब्राह्म्स. सगळ्यांच्या ओळखीची ती भरघोस दाढी यायला अजून दहा वर्षं आहेत. आज तो 34 वर्षांचा आहे. इथला संगीतप्रमुख कार्ल राइनथालर यानं गायकवृंद तयार करून घेतलाय, आणि प्रयोगाची छडी रचनाकाराच्या हाती दिली आहे. व्हिएन्नात गेल्या 1 डिसेंबरला आजच्याच रचनेचे, ‘जर्मन रेक्विएम’चे, पहिले तीन भाग झाले, तेव्हा टिंपनी इतकी जोरात बडवली गेली की तिसऱ्या भागाचा शेवट तिच्याखाली बुडाला आणि श्रोत्यांतून हिसहिस उठली. आज काय होणार, याची धाकधूक राइनथालरच्याही मनात असणार.

सुरू झालं. खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं एकच स्वर हळूहळू ठोकत राहतात. व्हायोलिनवाल्यांकडे बघा, ते नुसते बसून आहेत. अख्खा पहिला भाग व्हायोलिनशिवाय आहे. व्हायोला आणि चेलो यांचा तो तपकिरी, दाट आवाज ऐकताना छातीवर हात ठेवावासा वाटतो. मग गायक येतात, अगदी हळू, आणि त्यांचे पहिले शब्द शोक करणाऱ्यांसाठी आहेत.

इथे जरा थांबायला हवं. लॅटिन रेक्विएममध्ये मेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना असते आणि अंतिम न्यायाच्या दिवसाचा थरकाप असतो. ब्राह्म्सनं ते सगळं बाजूला ठेवलं, मार्टिन ल्यूथरचं जर्मन बायबल उघडलं आणि स्वतः एकेक वचन निवडलं. मागे राहिलेल्यांपासून सुरुवात केली. गेलेल्यांची पाळी शेवटच्या भागात येते. ख्रिस्ताचा उल्लेखही नाही. राइनथालरला हे खटकलं होतं, विशेषतः गुड फ्रायडेला, आणि त्यानं पत्र लिहून तसं कळवलंही. ब्राह्म्स बधला नाही. म्हणून आजच्या कार्यक्रमात हँडेलच्या ‘मसायाह’मधली उद्धारकावरच्या श्रद्धेची आरिया आमाली योआखिम गाणार आहे. तिचा नवरा योझेफ व्हायोलिन वाजवणार आहे. राइनथालरची अडचण मला समजते, पण माझ्या मते ब्राह्म्सनं केलं तेच योग्य. घरात माणूस गेलं की धीर लागतो तो मागच्यांना.

दुसरा भाग. अंत्ययात्रेची चाल आहे, पण ताल तीन मात्रांचा, त्यामुळे पाऊल नीट पडतच नाही. हे सूर 1854 सालचे आहेत. त्याच वर्षी संगीतकार रोबर्ट शूमाननं ऱ्हाइन नदीत उडी घेतली होती. वाचला, पण दोन वर्षांनी मनोरुग्णालयातच वारला. आता त्याची पत्नी क्लारा शूमान हिला शोधा. ती आज ब्राह्म्सच्या हाताला धरून आत आली. 1853 साली रोबर्टनं लेख लिहून सांगितलं होतं की या पोरानं गायक आणि वादकांच्या मोठ्या समूहावर आपली जादूची कांडी फिरवली की आपल्याला अजून बरंच काही दिसेल. आज त्याच्या हातात ती छडी बघताना तिला नेमकं तेच आठवतंय. तिनं रोजनिशीत तसं लिहून ठेवलंय.

तिसऱ्या भागात युलिउस श्टॉकहाउसेनचा बॅरिटोन उभा राहतो, आयुष्य किती थोडं आहे हे देवाला विचारत. आणि मग तो शेवट, व्हिएन्नात बुडालेला. वर गायकांचे आवाज एकमेकांचा पाठलाग करत गुंफत जातात आणि खाली 36 मात्राखंड एकच स्वर हलत नाही, तंबोऱ्याचा षड्ज असावा तसा. आज गायकांचे शब्द तुमच्यापर्यंत पोचतात.

श्रोत्यांत हॅम्बुर्गहून आलेले एक गृहस्थ आहेत, योहान याकोब ब्राह्म्स. मुलाचे वडील, पेशानं डबल बासवादक. खालच्या त्या स्वराची मेहनत त्यांच्याइतकी इथे फार थोड्यांना कळत असेल. त्यांची पत्नी क्रिस्तिआने वयानं त्यांच्याहून 17 वर्षांनी मोठी होती. दोघं 1864 साली वेगळे झाले, पुढच्या फेब्रुवारीत ती गेली, आणि त्यांनी 1866 साली पुन्हा लग्न केलं. आई गेल्यावर मुलानं ही रचना जोमानं हाती घेतली. तिच्यासाठी लिहिली असं त्यानं उघड कधी सांगितलं नाही, पण क्लारासकट जवळच्या सगळ्यांना तसंच वाटायचं. मुलाचा हा शोक ऐकताना बापाच्या मनात काय चाललंय, ते त्यांच्या चेहऱ्यावर शोधू नका. बघवणार नाही.

चौथा भाग देवाच्या सुंदर निवासाचा, हलका, डुलणारा. तो संपतो आणि तुम्ही सावरून बसता, कारण ही रचना तुम्हाला पाठ आहे. आता सोप्रानो उभी राहणार, आई लेकराला समजावते तसं समजावीन हे वचन येणार. पण कोणी उभं राहत नाही. थेट सहावा भाग सुरू होतो. तुम्ही ज्याची वाट बघताय ते अजून लिहिलेलंच नाही. आजची रचना सहाच भागांची आहे आणि ऐकणाऱ्या इतक्या माणसांत उणीव फक्त तुम्हाला जाणवतेय. ब्राह्म्सला ती जाणवायला अजून काही आठवडे आहेत. मे महिन्यात तो पाचवा भाग लिहील. त्यात तंतुवाद्यांवर आवाज दबवणारा चाप बसवलेला असेल, वर एकटी सोप्रानो, आणि खाली गायकवृंद ते आईचं वचन संथपणे म्हणत राहील.

म्हणून ब्रेमेनमध्ये फार रेंगाळू नका. पुढचा मुक्काम लाइपझिग, गेवांडहाउस, 18 फेब्रुवारी 1869. तिथे कार्ल राइनेके सातही भाग पहिल्यांदा एकत्र सादर करणार आहे. चौथा संपला की जागेवरून हलू नका.